केस गळणे: कोणते केस परत येतात, कोणते येत नाहीत आणि निदान कसे होते?

केस गळणे ही तक्रार एक असली, तरी तो एकच आजार नाही. तापानंतर कंगव्यात येणारा पुंजका, वडिलांसारखे मागे सरकत गेलेले कपाळ, अचानक लक्षात आलेली रुपयाएवढी चकती आणि खाज-जळजळ होऊन गुळगुळीत झालेली जागा, या चारही गोष्टींना आपण ‘केस गेले’ असेच म्हणतो. प्रत्येकाचे कारण मात्र वेगळे असते, उपचार वेगळे असतात आणि हातात असलेला वेळही वेगळा असतो. काही प्रकारांत सहा महिन्यांत केस आपोआप परत येतात. काही प्रकारांत तेवढेच सहा महिने वाट पाहिली, तर ते कायमचे जातात.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत हा फरक कळणे जास्त गरजेचे ठरते. डोळखांब, किन्हवली, टोकावडे किंवा धसईच्या माणसाला त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते आणि प्रवासखर्च वेगळा. तेल, शाम्पू आणि ‘तीन महिन्यांत केस’ देणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती मात्र मोबाइलवर घरबसल्या पोचतात. म्हणून कोणत्या केसगळतीसाठी गावातले आरोग्य केंद्र पुरेसे आहे आणि कोणत्या केसगळतीसाठी लगेच शहर गाठायला हवे, हे आधी समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

- रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे.
- ताप, बाळंतपण किंवा शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू झालेली गळती बहुतेकदा तात्पुरती असते.
- कपाळावरून किंवा भांगातून वर्षानुवर्षे होणारी विरळ वाढ बहुधा आनुवंशिक असते. ती लवकर ओळखली तर रोखता येते.
- गुळगुळीत, गोल चकती म्हणजे बहुधा चाई. तिचे केस परत येऊ शकतात.
- त्वचा लाल, दुखरी, पूवाळलेली किंवा चकाकती झाली असेल तर थांबू नये.
- एकाच गावात अनेकांचे केस एकाच वेळी गळू लागले, तर आरोग्य केंद्राला लगेच कळवावे.

केस मुळात का गळतो?

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचे स्वतःचे चक्र असते. आधी वाढीचा काळ, तो दोन ते सहा वर्षे चालतो. मग दोन-तीन आठवड्यांचा उताराचा काळ येतो आणि त्यानंतर सुमारे तीन महिन्यांची विश्रांती. विश्रांती संपली की जुना केस गळतो आणि त्याच मुळातून नवा उगवतो. कोणत्याही दिवशी पाहिले तर ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या काळात असतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो.

या चक्रावरून केसगळतीचे बहुतेक प्रकार समजतात. पुष्कळ केस एकदम विश्रांतीत गेले तर दोन-तीन महिन्यांनी ते एकदम गळतात. वाढीचा काळच आखूड होत गेला तर केस बारीक आणि तोकडे होतात. शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींनी केसाच्या मुळावर हल्ला केला तर चकती पडते. आणि मूळच जळून त्या जागी व्रण झाला, तर तिथे पुन्हा केस येत नाही.

प्रकार १: हळूहळू विरळ होणे

प्रौढांमध्ये सर्वाधिक आढळणारा प्रकार हाच. डॉक्टरांच्या कागदावर त्याचे नाव अँड्रोजेनेटिक अलोपेशिया असे लिहिलेले असते. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणाऱ्या डीएचटी या संप्रेरकाला काहींच्या केसांची मुळे जन्मतः जास्त संवेदनशील असतात. त्यांचा वाढीचा काळ प्रत्येक चक्रात कमी होतो आणि जाड केसाच्या जागी लव येऊ लागते. ही प्रवृत्ती वडिलांकडून येते तशीच आईकडूनही येते.

पुरुषांमध्ये कपाळाच्या दोन्ही बाजूंना खाचा पडतात, मग टाळूवर गोल भाग उघडा होतो आणि शेवटी मागच्या-बाजूच्या केसांची झालर उरते. या टप्प्यांची मोजपट्टी जेम्स हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये मांडली आणि ओटार नॉरवूड यांनी १९७५ मध्ये ती सुधारली. स्त्रियांमध्ये कपाळावरची रेषा सहसा तशीच राहते, पण भांग रुंद होत जातो आणि डोक्याच्या मध्यावरची त्वचा दिसू लागते. त्यासाठी लुडविग यांची १९७७ मधली तीन टप्प्यांची मोजपट्टी वापरतात.

या प्रकारात उशीवर किंवा न्हाणीघरात फारसे केस सापडत नाहीत. ‘गळत तर नाहीत, पण कमी झालेत’ हे वाक्य डॉक्टरांना बरेच काही सांगून जाते. तरुण मुलीच्या बाबतीत याबरोबर पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील आणि मुरुमे जात नसतील, तर पीसीओएसची तपासणी करावी लागते.

प्रकार २: सगळीकडून एकदम गळणे

न्हाताना हातात पुंजका येतो, झाडताना घरभर केस सापडतात, वेणी निम्मी होते. पण डोक्यावर कुठेही ठळक टक्कल नसते. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. शरीराला मोठा धक्का बसला की वाढीच्या काळातले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात.

हा मधला काळच लोकांना चकवतो. गणपतीच्या सुमारास डेंग्यू किंवा टायफॉइड झालेल्या माणसाचे केस दिवाळीच्या आसपास गळू लागतात. तोवर ताप विसरलेला असतो आणि दोष जातो नव्या शाम्पूला, विहिरीच्या पाण्याला किंवा टँकरला. म्हणून केस गळायला लागल्यावर आठवायचे ते गेल्या आठवड्यातले नव्हे, तर दोन-तीन महिन्यांपूर्वीचे.

नेहमीची कारणे अशी:

- मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड, कोविड यांसारखे जोराचे ताप
- बाळंतपण
- मोठी शस्त्रक्रिया किंवा अपघात
- झपाट्याने घटवलेले वजन, कडक उपास, आहारात प्रथिनांची कमतरता
- शरीरातल्या लोहाची कमतरता, थायरॉइडचे बिघाड
- काही औषधे. फिट्सवरचे व्हॅल्प्रोएट, रक्त पातळ करणारी औषधे, रक्तदाबावरचे काही बीटा ब्लॉकर्स, तसेच संततिनियमनाच्या गोळ्या बंद करणे

कारण दूर झाले असेल, तर गळती साधारण सहा महिन्यांत थांबते. पूर्वीइतकी लांबी यायला मात्र वर्ष-दीड वर्ष लागते, कारण केस महिन्याला एकच सेंटिमीटर वाढतो. कपाळाजवळ उभे राहणारे छोटे केस ही चांगली खूण आहे.

बाळंतिणीचे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळतात. अंगावर पाजल्यामुळे केस जातात, हा समज चुकीचा आहे. त्यासाठी बाळाचे दूध तोडू नये. गरोदरपणात न गळलेले केस आता एकदम गळत असतात. गळती लांबली तर रक्त तपासावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती. म्हणजे केसांची तक्रार घेऊन आलेल्या बाईचे हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय तिला तेल सुचवणे हे अर्धवट काम आहे.

प्रकार ३: गोल चकती, म्हणजे चाई

बोलीत याला चाई लागणे म्हणतात, काही भागांत उंदरी. वैद्यकीय नाव अलोपेशिया एरियाटा. डोक्यात, दाढीत किंवा भुवईत अचानक गोल, गुळगुळीत चकती दिसते. खाज फारशी नसते, कोंडा नसतो, त्वचा निरोगी दिसते. चकतीच्या कडेला खाली निमुळते होत गेलेले आखूड केस असतात. त्यांचा आकार उद्गारचिन्हासारखा दिसतो आणि निदानाची ती मोठी खूण आहे. काहींच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे दिसतात.

चाई म्हणजे केस खाणारा किडा नव्हे आणि ती संसर्गजन्यही नाही. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच केसांच्या मुळांवर हल्ला करते, त्यातून ती होते. आयुष्यात कधीतरी चाई होण्याची शक्यता सुमारे २ टक्के लोकांना असते. त्यामुळे चाई झालेल्या माणसाचा कंगवा वेगळा ठेवणे, न्हाव्याने त्याला नाही म्हणणे किंवा ठरलेले लग्न मोडणे याला काहीही आधार नाही.

एक-दोन लहान चकत्या असतील तर अनेकांचे केस वर्षभरात आपोआप येतात. सुरुवातीला ते पांढरे येतात, नंतर काळे होतात. चकत्या वाढत असतील, एकमेकींना मिळत असतील किंवा भुवया-पापण्याही जात असतील, तर त्वचारोगतज्ज्ञ हवाच.

प्रकार ४: ओढ आणि घर्षण

घट्ट अंबाडा, ताणून बांधलेली वेणी, रोजची घट्ट पोनीटेल यांमुळे कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेचे केस विरळ होतात. कडेला मात्र बारीक लव शिल्लक राहते. ही सवय लवकर सुटली तर केस परत येतात. वर्षानुवर्षे चालू राहिली तर मुळे कायमची निकामी होतात.

मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, तरी उन्हाळ्यात इथल्या अनेक पाड्यांवरच्या बायकांना डोक्यावर हंडे वाहावे लागतात. वीटभट्टीवर विटा आणि जंगलातून मोळी हेही डोक्यावरूनच येते. चुंबळीखालच्या एकाच जागी केस तुटत असतील, तर ते घर्षणाने असू शकते. म्हणून ओझे कुठे आणि किती वेळ असते, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

याच गटात आणखी एक प्रकार येतो. काही जण ताणाखाली नकळत आपले केस उपटतात. तिथले केस वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि जागेचा आकार वेडावाकडा असतो. यात रागावून उपयोग होत नाही. मानसिक आरोग्याची मदत घ्यावी लागते. त्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

प्रकार ५: कोंडा, खवले आणि तुटलेले केस

चकतीवर खवले आहेत, खाज आहे आणि केस त्वचेलगत तुटलेले आहेत, तर बुरशीचा म्हणजे गजकर्णाच्या जातीचा संसर्ग असू शकतो. तो मुलांमध्ये जास्त दिसतो, मोठ्यांमध्ये कमी. यात फक्त मलम पुरत नाही, पोटातून औषध घ्यावे लागते. मेडिकल दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टेरॉइड-मिश्रित मलमे लावली, तर खाज तात्पुरती थांबते, बुरशी पसरत राहते आणि तिचे रूप बदलल्याने निदान अवघड होते.

साधा कोंडा मात्र टक्कल पाडत नाही. फार खाजवल्याने काही केस तुटतात, इतकेच.

प्रकार ६: केस कायमचे घालवणारे आजार

हे प्रकार कमी आढळतात, पण यांच्यात उशीर सर्वांत महाग पडतो. लायकेन प्लॅनोपिलारिस, डिस्कॉइड ल्युपस आणि फॉलिक्युलायटिस डिकॅल्व्हान्स ही त्यांतली प्रमुख नावे. यांत केसाच्या मुळाभोवती दाह होतो आणि मुळाच्या जागी व्रणाची ऊती तयार होते.

ओळखण्याच्या खुणा अशा:

- जागा चकाकते, केस उगवण्याची बारीक छिद्रे दिसत नाहीत.
- आग, दुखणे किंवा सतत खाज असते.
- केसांच्या मुळाशी लालसर किंवा जांभळट कड, खवले किंवा पू दिसतो.
- एका छिद्रातून बाहुलीच्या केसांसारखे अनेक केस एकत्र बाहेर येतात.
- डिस्कॉइड ल्युपसमध्ये चेहऱ्यावर किंवा कानाच्या पाळीजवळच्या खोलगट भागात डाग असतात आणि उन्हाने ते वाढतात. शेतात दिवसभर राबणाऱ्यांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे.

गेलेले केस इथे परत येत नाहीत. उपचाराने उरलेले वाचवता येतात. म्हणून आठवडे मोजायचे, महिने नव्हे.

भुवया विरळ झाल्या तर

भुवईचा बाहेरचा भाग विरळ होणे हे थायरॉइडच्या कमतरतेत दिसते, तसेच कुष्ठरोगातही. ठाणे-पालघर पट्ट्यात कुष्ठरोगाचे नवे रुग्ण अजूनही सापडतात. भुवयांबरोबर अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा असेल, कानाची पाळी जाड झाली असेल किंवा हातापायाला मुंग्या येत असतील, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच दाखवावे. कुष्ठरोगाचा औषधोपचार सरकारी केंद्रांत मोफत असतो आणि वेळेवर घेतल्यास अपंगत्व टळते.

अख्ख्या गावाचे केस गळतात तेव्हा: शेगावचा धडा

वर सांगितलेले प्रकार एकेका माणसाचे आहेत. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात मात्र वेगळेच घडले. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत अनेकांच्या डोक्याला खाज सुटली, दोन-तीन दिवसांत केस हातात येऊ लागले आणि आठवडाभरात टक्कल पडले. जानेवारी २०२५ पर्यंत १८ गावांतल्या २७९ जणांची नोंद झाली. त्यांत लहान मुले होती, कॉलेजच्या मुली होत्या आणि वृद्धही होते.

सोशल मीडियावर ‘टक्कल व्हायरस’ हे नाव पसरले. आधी बुरशीचा संशय घेतला गेला, मग पाण्यातल्या नायट्रेटचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक गावात आले आणि रक्त, लघवी, केस, पाणी, धान्य यांचे नमुने घेतले गेले.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हे विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर ओळखले जातात. त्यांनी या गावांत जाऊन तपास केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम फार वाढलेले होते आणि जस्त कमी होते. स्वस्त धान्य दुकानातल्या गव्हाच्या नमुन्यात, त्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार, दर किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम होते. धुतल्यावरही ते १३.६१ मिलिग्रॅम राहिले. सामान्यतः ही मात्रा ०.१ ते १.९ मिलिग्रॅम असते.

सेलेनियम शरीराला अत्यल्प प्रमाणात लागते. जास्त झाले तर केस आणि नखे जातात. पंजाबमधल्या होशियारपूर आणि नवांशहर भागातल्या काही जमिनींत ते नैसर्गिकरीत्याच जास्त आहे. शेगाव भागात एप्रिल २०२५ मध्ये अनेकांची नखे ठिसूळ होऊन गळू लागल्याच्या तक्रारीही आल्या. बहुतेकांचे केस मात्र काही आठवड्यांत पुन्हा उगवू लागले होते.

या घटनेतला धडा कोणत्याही तालुक्याला लागू पडतो. एकाच वस्तीत, एकाच सुमारास, वेगवेगळ्या वयाच्या माणसांचे केस जाऊ लागले तर कारण अन्न, पाणी किंवा एखाद्या विषारी घटकात शोधावे लागते. अशा वेळी आशा कार्यकर्तीला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवावे. घरातले धान्य फेकून देऊ नये. ते बाजूला ठेवावे, म्हणजे नमुना घेता येतो. कोणत्या दिवशी कोणाचे केस गळू लागले, याची साधी यादीही तपासाला फार उपयोगी पडते.

निदान कसे होते?

बहुतेक निदान प्रश्न आणि पाहणी यांवरच होते. महागड्या तपासण्यांची पाळी कमी जणांवर येते.

*प्रश्न.* गळती कधीपासून? एकदम की हळूहळू? दोन-तीन महिन्यांपूर्वी ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया? कोणती औषधे चालू आहेत? घरात कोणाला टक्कल आहे? पाळी कशी येते? जेवणात डाळ, अंडी, मासे किती? केस मुळासकट येतो की मधून तुटतो?

*पाहणी.* भांग मध्यावर आणि मागे तुलना करून पाहतात. त्वचेवर लाली, खवले, छिद्रे तपासतात. भुवया, दाढी, नखे आणि अंगावरचे चट्टेही पाहतात.

*ओढून पाहणे.* डॉक्टर ५०-६० केसांची बट बोटांत धरून हलकेच ओढतात. दहा टक्क्यांहून जास्त, म्हणजे सहाच्या वर केस हातात आले तर गळती चालू आहे असे धरतात. म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी डोके धुऊ नये आणि तेलही लावू नये. नुकतेच धुतलेले असेल तर गळायचे केस आधीच गेलेले असतात.

*डर्मोस्कोप.* भिंगासारखे हे छोटे उपकरण वेदनारहित असते. बारीक झालेले केस, चाईचे उद्गारचिन्ह आणि बुजलेली छिद्रे त्यात स्पष्ट दिसतात.

*रक्त.* हिमोग्लोबिन, लोहसाठा दाखवणारे फेरिटिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच या मुख्य तपासण्या. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषांमध्ये १३ च्या खाली गेले तर ती कमतरता धरतात. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकते. डोक्यावर कुरतडल्यासारखे अनेक ठिपके असतील तर सिफिलिसची तपासणीही करतात.

*बुरशीसाठी.* खवले आणि तुटका केस घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

*बायोप्सी.* केस कायमचे घालवणाऱ्या आजाराचा संशय असेल तर भूल देऊन त्वचेचा सुमारे चार मिलिमीटरचा तुकडा काढतात. काम काही मिनिटांचे असते.

शहापूर-मुरबाडमध्ये सुरुवात कुठून करावी?

पहिली पायरी गावाजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र. ताप किंवा बाळंतपणानंतरची गळती, रक्ताची कमतरता, साधा बुरशीसंसर्ग आणि कुष्ठरोगाचा संशय यांची सुरुवात तिथे होऊ शकते. लोहाच्या गोळ्याही तिथेच मिळतात. पुढची पायरी म्हणजे शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केंद्रातल्या डॉक्टरांना ई-संजीवनी या सरकारी दूरसंवाद सेवेतून तज्ज्ञांचा सल्लाही घेता येतो. तशी विचारणा रुग्णाने करायला हरकत नाही.

चकाकती जागा, पू, झपाट्याने पसरणारी चाई किंवा बायोप्सीची गरज असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. शहापूरकरांना आसनगावहून आणि मुरबाडकरांना कल्याणमार्गे लोकलने कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळ पडते. त्यापुढे मुंबईत शीव, केईएम आणि जे. जे. रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत.

जाताना आधीचे सगळे कागद, चालू औषधांच्या पट्ट्या आणि मोबाइलवर काढलेले फोटो न्यावेत. महिन्यातून एकदा, त्याच उजेडात, त्याच कोनातून काढलेला फोटो आठवणीपेक्षा खरा असतो.

उपचारांकडून काय अपेक्षा ठेवावी?

आनुवंशिक टकलासाठी मिनोक्सिडिल हे लावायचे औषध आहे. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळती उलट वाढू शकते. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि औषध थांबवले की मिळालेला फायदा हळूहळू जातो. पुरुषांसाठी फिनास्टेराइडची गोळी असते, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. गरोदर स्त्रीने तिची फुटलेली गोळी हाताळूही नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

चाईसाठी चकतीत स्टेरॉइडची बारीक इंजेक्शने देतात, साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. फार पसरलेल्या चाईसाठी बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या आहेत. अमेरिकेत तिला यासाठी जून २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ही औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. तापानंतरच्या गळतीत मात्र कारण दूर करणे आणि नीट जेवणे हाच मुख्य उपचार असतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*टक्कल केल्याने केस दाट येतात का?* नाही. वस्तरा त्वचेच्या वर फिरतो, मूळ खाली असते. कापलेले टोक बोथट असते, म्हणून केस जाड वाटतो.

*माका, जास्वंद किंवा खोबरेल तेलाने केस परत येतात का?* तेलाने केस मऊ राहतात आणि कमी तुटतात. आनुवंशिक टक्कल किंवा चाई त्याने बरी होत नाही. त्वचेवर जखम किंवा पू असेल तर काहीही चोळू नये.

*बायोटिनच्या गोळ्या घ्याव्यात का?* बायोटिनची खरी कमतरता क्वचितच असते. जास्त मात्रेत घेतल्यास थायरॉइडचा रक्त-अहवाल चुकू शकतो. घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

*रोज केस धुतल्याने गळतात का?* धुताना दिसतात ते आधीच सुटलेले केस असतात.

*हेल्मेटमुळे टक्कल पडते का?* नाही. केसांच्या मुळांना हवा लागत नाही, त्यांना रक्तातून पोषण मिळते. हेल्मेट घालाच.

*केशरोपण कधी करावे?* आनुवंशिक टकलात, निदान पक्के झाल्यावर आणि गळती स्थिरावल्यावर. वाढत असलेल्या चाईत किंवा दाह चालू असलेल्या त्वचेवर केलेले रोपण वाया जाऊ शकते.

या खुणा दिसल्या तर वाट पाहू नका

- डोक्याची त्वचा दुखते, जळते, पू येतो किंवा चकाकू लागली आहे
- चकत्या आठवड्यागणिक वाढत आहेत
- भुवया, पापण्या किंवा नखेही जात आहेत
- अंगावर बधिर चट्टा आहे
- केसगळतीबरोबर ताप, सांधेदुखी, खूप थकवा किंवा वजनात मोठा बदल आहे
- गळती सहा महिन्यांनंतरही थांबलेली नाही
- शेजारीपाजारी अनेकांना एकाच वेळी तोच त्रास सुरू झाला आहे

यांपैकी काहीच नसेल, दोन-तीन महिन्यांपूर्वी ताप किंवा बाळंतपण झाले असेल आणि कपाळाजवळ नवे बारीक केस दिसत असतील, तर आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे, नीट जेवावे आणि सहा महिने धीर धरावा. जाहिरातीतल्या बाटलीवर पैसे घालण्याची गरज नाही.